भिंतीवरच्या बाई

३ ऑगस्ट, रविवार

प्रिय छकुले,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचे गुडघे आणि माझा स्वभाव दोन्ही होते तसेच आहेत, तेव्हा काळजी नसावी.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. अगं, फोनवर तू बोलायला लागलीस की माझा नंबरच लागत नाही. कागदावर निदान मध्ये बोलणारं कुणी नसतं.

तुझं पुन्हा एकदा अभिनंदन. दुसरीच्या गणिताचे सगळे पाठ तू शिकवायचेस आणि ते सगळ्या शाळांनी भिंतीवर बघायचे, हे काय खायचं काम आहे? आई तर आल्यागेल्याला सांगत असते. दूधवाल्यालाही सोडलं नाही. सकाळी चहाबरोबर तू, दुपारी डुलकीच्या आधी तू. संध्याकाळी मी शाळेतून दमून येते, दारात चप्पल काढते, तर आतून तुझा आवाज येतो, "आता मी सांगते, बरं का!" मोबाइल उशीला टेकवून आई अपूर्णांक शिकत असते. या वयात! इतकी वर्षं मी तिच्यासमोर बसून वह्या तपासल्या, तिने कधी विचारलं नाही की पाव म्हणजे काय. काल म्हणाली, "किती गोड बोलते गं. आणि हीच पोर..." मग डोळे पुसले आणि ती जुनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मी भाजी चिरायला आत गेले.

शाळेची बातमी अशी की आमच्याकडेही ते प्रोजेक्टरचं यंत्र आलं. हेडसर ते स्वतःच्या हाताने पुसतात आणि शाळा सुटली की टॉवेलने झाकून ठेवतात. घरी त्यांनी कधी कप विसळल्याचं कुणी पाहिलेलं नाही. पहिल्या दिवशी तिसरीच्या मुलांना हॉलमध्ये बसवून त्यांनी नमुना म्हणून तुझा एक पाठ लावला. माझी दुसरीची पोरं तिथे मावेनात, म्हणून ती वर्गातच राहिली. मला मात्र पुढची खुर्ची मिळाली, तुझी बहीण म्हणून.

खरं सांगू? छान होता पाठ. हात तर तुझे पहिल्यापासूनच बोलके. तळहातावर दुसरा हात सुरीसारखा चालवलास की अर्धा, पुन्हा आडवा चालवलास की पाव, आणि दोन्ही हातांचं मोठं रिंगण केलंस की पूर्ण. फक्त एक सांगते, मोठी म्हणून. तू प्रश्न विचारतेस, जरा थांबतेस आणि स्वतःच्याच खांद्यावर थोपटून म्हणतेस, "शाब्बास! अगदी बरोबर!" त्या दिवशी तू विचारलंस, दोन पाव मिळून किती? निम्मी मुलं "चार" म्हणून ओरडली, बाकीची "एक" म्हणाली आणि कोपऱ्यातला एकजण "मला शू लागलीय" म्हणाला. भिंतीने सगळ्यांना शाब्बासकी दिली. भिंतीला कान असतात म्हणतात, पण ते या कामाचे नसावेत. तुझा दोष नाही गं. तुला काय दिसतंय तिथून!

माझ्या वर्गात तुझे पाठ कसे चालतात, असं विचारलं आहेस. चालतात. रोज लावते, तसा नियमच आहे. आमच्या वर्गातल्या स्पीकरचा मात्र पहिल्या दिवसापासून घोटाळा आहे, आवाजच येत नाही. शिपाईमामांनी दोनदा उघडून पाहिला, त्यांना काही सापडलं नाही. तेव्हा चित्र तुझं आणि बोलणं माझं, असं भागवते आहे. होईल दुरुस्त. घाई नाही.

आईला म्हटलं, चार ओळी तूही लिही. ती म्हणाली, "मी रोज बोलते की तिच्याशी." मोबाइलशी बोलते ती. तू विचारतेस आणि ती उत्तर देते, "हो गं बाळा, अर्धा." तिलाही शाब्बासकी मिळते.

तुझी,
ताई


२४ ऑगस्ट, रविवार

प्रिय छकुले,

आशीर्वाद. पत्र मिळालं. तू बारा तारखेला येतेस हे वाचून आनंद झाला. आईने तर आत्तापासून पलंगाच्या चादरी धुवायला काढल्या.

पण तू कशाला एवढा त्रास घेतेस? एका स्पीकरसाठी इतक्या लांबून यायचं म्हणजे काय! पाठवून दिलास तरी चालेल, किंवा नाही पाठवलास तरी चालेल. शाळेकडे येणारा रस्ता खणून ठेवलाय, बस अलीकडेच सोडते. शिवाय वर्गात सर्दीची साथ आहे. एक पोरगं शिंकलं की रांगच्या रांग शिंकते. तुझा आवाज म्हणजे तुझी भाकर झाली आहे आता, घसा धरला तर केवढ्याला पडेल?

आणि आमच्या वर्गात तुला बघण्यासारखं आहे तरी काय! फळा मध्ये फुगलाय. बाकं अशी की एक हललं की चार हलतात. माझी पद्धत तर तुला माहीतच आहे. आधी पाढे तोंडपाठ, मग कागदाच्या घड्या, मग पाटीवर गणित. जुनाट म्हण हवं तर. तुझा पाठ चालू असतानाही मी प्रत्येकाच्या हातात कागद देते. भिंतीकडे बघून मान डोलावणं सोपं असतं. स्वतःच्या हाताने घडी घातली की कळतं पाव केवढा होतो ते.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण तिचं अक्षर मुंगीएवढं. चूक झाली तर कुणाला दिसू नये म्हणून तसं लिहिते, हे मला फार उशिरा कळलं. प्रश्न विचारला की ती आधी छताकडे बघते, मग बोटं मोडते, मग शेजारणीकडे बघते, आणि तोवर दुसरं कुणीतरी उत्तर देऊन मोकळं होतं. तुझं चित्र समोर असतं तेव्हा मी काय करते, प्रश्न झाला की रिमोटने तुला थांबवते. तू भिंतीवर तोंड उघडं टाकून उभी राहतेस. (फार चांगली दिसत नाहीस तेव्हा, सांगून ठेवते.) मुंगीचं छत, बोटं, शेजारीण सगळं होईपर्यंत थांबते आणि मग ती सांगते. बहुतेक वेळा बरोबर सांगते. मग तुला पुढे जाऊ देते.

परवाच्या बैठकीत हेडसरांनी दुसरीच्या वर्गाचं कौतुक केलं. पोरं अपूर्णांकात कशी तयार झाली म्हणाले. मी जरा सावरून बसले. म्हटलं, आता आपलं नाव निघणार. तर म्हणतात, "ही सगळी भिंतीवरच्या बाईंची कमाल! आवाज नसताना ही कमाल, तर आवाज आल्यावर काय होईल!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घसा कुणाचा सुकतो, पाय कुणाचे दुखतात, खडूची धूळ कुणाच्या नाकात जाते आणि टाळ्या कुणाला! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. घरी येऊन हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मग चांगलंच आहे की! तुझीच बहीण ना?" त्या रात्री मी जेवले नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. खरं तर पोटात दुखतच होतं, पण त्याला औषध नाही.

जाऊ दे. मी काय सांगत होते? हां, येण्याचं. त्याच्या पुढच्या महिन्यात, नाहीतर सहामाही परीक्षेनंतर ये. त्या वेळी हवाही चांगली असते. हेडसरांना मी सांगेन काहीतरी.

तुझी,
ताई


३ सप्टेंबर, बुधवार

प्रिय मौनीबाबा,

दचकलीस ना? या नावाने तुला हाक मारणारी आता मी आणि आई दोघीच उरलो. लहानपणी अख्खी गल्ली तुला याच नावाने ओळखायची.

तू हट्टीच. बारा तारखेलाच येते म्हणून परस्पर हेडसरांना कळवून मोकळी झालीस. ते पताका लावायला निघालेत. तेव्हा आता मला लिहायलाच हवं. फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तू "बोल ना ताई" म्हणालीस आणि मी "आईला लोणी चालतं का डॉक्टरांना विचारून ठेव" असलं काहीतरी सांगून फोन ठेवला.

स्पीकर बिघडलेला नाही. त्याची पिन माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. पहिल्या दिवशी मीच काढली. शिपाईमामा बिचारे स्पीकर उलटा-सुलटा करून शोधत होते आणि मी शेजारी उभी राहून "बघा हो, काहीतरी आत जळलं असेल" म्हणत होते. डबी पर्समध्ये, पर्स काखेत.

का काढली? तू मला ओळखतेस, तरी सगळं नीट सांगते. हॉलमध्ये तुझा पाठ बघताना सगळे हसत होते, माना डोलवत होते, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या. त्या पाठांसाठी जेव्हा शिक्षक निवडत होते ना, तेव्हा मीही गेले होते. तुला सांगितलं नाही. आईलाही नाही. कॅमेऱ्यासमोर उभं राहून अर्धा आणि पाव शिकवून आले. त्यांनी कळवलं की शिकवणं पक्कं आहे, पण आवाज कोरडा आहे. आता वीस-बावीस वर्षं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज कोरडा नाही होणार तर काय मधात भिजणार? त्याच आठवड्यात तुझा फोन आला. "ताई, माझी निवड झाली! माझा आवाज आवडला त्यांना!" मी म्हणाले, "वा वा." तुला ते वा वा खरं वाटलं.

मला तुझा हेवा वाटतो गं. लिहून टाकलं एकदाचं. आई तुझा आवाज ऐकत झोपते त्याचा वाटतो. हेडसर तुझं नाव घेतात त्याचा वाटतो. घरात तू नसतेस आणि तरी सगळ्या खोल्यांत तूच असतेस, आणि मी असते तर मला विचारतात, "भाजी काय करू?" म्हणून माझ्या वर्गात तरी तुझा आवाज नको, असं वाटलं. चार भिंती माझ्या राहू देत. तिथेही एका भिंतीवर तू आलीसच. मग म्हटलं, ये, पण गप्प राहा. शाळेत पोरांना सांगतात तसं, हाताची घडी, तोंडावर बोट.

इथवर झालं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पुढचं वाच.

दुसरीची पोरं. त्यांना भिंतीवरची बाई म्हणजे खरोखरची बाई, भिंतीमागे कुठेतरी राहणारी. जुलै महिन्यात मुंगीने विचारलं, "बाई, त्यांना बोलता येत नाही का?" अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मला म्हणता आलं असतं, अगं स्पीकर बंद आहे. तेही खोटंच होतं, पण धाकटं. मी म्हणाले, "नाही येत. म्हणून तर त्यांच्यासाठी मी बोलते."

एकाने तिथल्या तिथे पकडलं मला. "पण त्यांचे ओठ हलतात की!" मी म्हणाले, ओठ हलले म्हणजे बोलता येतंच असं नाही. दुसरी म्हणाली, "माझी ताई तिसरीत आहे. ती म्हणते त्या बोलतात, तिने हॉलमध्ये ऐकलंय." मी म्हणाले, "तुझ्या ताईचं काहीतरी चुकतंय." उचलली जीभ लावली टाळ्याला. इतकं सहज निघालं तोंडातून की माझंच मला नवल वाटलं.

आणि तेव्हापासून तो वर्ग बदलला, छकुले. तू बोलू शकत नाहीस म्हटल्यावर पोरं तुझे हात डोळ्यांत तेल घालून बघायला लागली. अर्धा, पाव, पूर्ण सगळं हातांनी करतात. मधल्या सुट्टीत डबा वाटून खातानाही तळहातावर हात चालवून "एवढा दे" म्हणतात. मलाही तुझ्याकडे बघत बोलावं लागतं. तू हात उचललास की मी शब्द उचलते. आणि तू खांद्यावर थोपटलंस की मला शाब्बास म्हणावंच लागतं. तुला माहीत आहे मी त्या बाबतीत किती कंजूष. आता तासाभरात दहा वेळा म्हणते, पण बघून म्हणते, ज्याचं बरोबर आलं त्याच्याकडे वळून. मुंगीला पहिल्यांदा म्हणाले तेव्हा तिने मागे वळून पाहिलं, दुसऱ्याच कुणाला म्हटलं की काय म्हणून. खरं सांगते, इतक्या वर्षांत मी इतकं चांगलं शिकवलं नव्हतं. ते तुझ्यामुळे की माझ्यामुळे, यावरून माझं माझ्याशी रोज भांडण होतं.

आता बारा तारखेचं. तू येणार हे पोरांना कळलंय. मधल्या सुट्टीत ती दार लावून काहीतरी तयारी करत होती. मी खिडकीतून पाहिलं. एका रांगेत उभी राहून सगळी हातांनी तुला नमस्कार करत होती. आधी छातीवर हात, तू पाठाच्या सुरुवातीला ठेवतेस तसा. मग दोन्ही हातांचं मोठं रिंगण. मग खांद्यावर थोपटणं. कुणी चकार शब्द काढत नव्हतं. एक चुकून हसला तर मुंगीने त्याला दटावलं, "त्यांना वाईट वाटेल." आणि वर्गात आल्यावर मला हळूच विचारते, "बाई, त्यांना ऐकू तरी येतं ना? की तेही नाही?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तुला आठवत नसेल, पण मला आठवतं. पाच वर्षांची होईपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस. हात करायचीस, आणि ते हात फक्त मला कळायचे. पाणी, भूक, भीती, बाहेर चल. लोक आईला विचारायचे आणि आई म्हणायची, "तिच्या ताईला विचारा, तिला सगळं कळतं." मी आठ वर्षांची, पण गल्लीत माझा केवढा मान! मग तो पेन्सिलीचा दिवस आला. आई सगळ्यांना सांगते तीच गोष्ट. दुकानात मी म्हणाले, "हिला निळी पेन्सिल हवी." तू माझा फ्रॉक ओढलास आणि म्हणालीस, "मी सांगते. लाल." आई तिथेच रडायला लागली. दुकानदाराने तुला पेन्सिल फुकट दिली. घरी येईपर्यंत तू बोलत होतीस आणि सगळे ऐकत होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. तुझ्या प्रत्येक पाठाची सुरुवात "आता मी सांगते"ने होते ना, तेव्हा दरवेळी मला ते दुकान दिसतं.

मी तुझी पिन काढली आणि तुला पुन्हा मुकं केलं. चष्म्याच्या डबीत ती पिन बघताना परवा मला हे कळलं, आणि मग काही केल्या विसरता येईना.

तू ये. दारातूनच बोल. मोठ्याने बोल. मुलांसमोर मला खोटी पाड, कारण माझ्या तोंडून ते निघत नाही. रोज ठरवते, आज सांगायचं, आणि रोज त्यांचे ते हात बघून गप्प बसते. आता गप्प बसायची माझी पाळी आली म्हणायची.

तुझी,
बोलून बसलेली ताई


२० सप्टेंबर, शनिवार

प्रिय,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच प्रिय.

तू गेल्यापासून आठवडा झाला. फोन केला नाहीस, मीही केला नाही. आई विचारते, "दोघींचं काही झालंय का?" मी म्हणते, नेटवर्क नाही.

तू असं का केलंस?

तू दारात उभी राहिलीस. पोरं उठली. छातीवर हात, मग रिंगण, मग खांद्यावर थोपटणं. मुंगी सगळ्यांत पुढे, ओठ गच्च मिटून. तू तोंड उघडलंस. मी बघत होते. मनात म्हटलं, आता बोलेल, आता सुटेन. तू माझ्याकडे पाहिलंस. आणि तोंड मिटलंस. छातीवर हात ठेवलास, आणि रिंगण केलंस.

मग पूर्ण तास! कागद घेऊन घड्या घातल्यास, हातांनी विचारलंस, हातांनी सांगितलंस, आणि मी बोलत राहिले. हेडसर खिडकीतून मला खुणावत होते, "मॅडमचा घसा बसलाय का?" मी नुसती मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते मलाही ठाऊक नाही. तू मुंगीसमोर वाकलीस आणि दोन पावांची खूण करून विचारलंस, मिळून किती? ती छताकडे बघायला लागली. तू थांबलीस. भिंतीवर थांबतेस तेवढं नाही, अगं, किती तरी वेळ थांबलीस. छत झालं, बोटं मोडून झाली, शेजारीण झाली. मग तिने तळहातावर हात चालवला, एकदाच. अर्धा. तू तुझ्या खांद्यावर थोपटलंस, आणि मला शाब्बास म्हणायचं होतं, पण तोंडातून शब्दच फुटेना. मग मुंगीनेच माझ्याकडे बघून हळूच सांगितलं, "बाई, त्या शाब्बास म्हणतायत."

तास संपला. तू नवा स्पीकर माझ्या टेबलावर ठेवलास, पोरांच्या डोक्यांवरून हात फिरवलास आणि घरी जाऊन आईला भेटून संध्याकाळच्या बसने निघून गेलीस. आईशी तासभर बोललीस म्हणे. मला एक शब्द नाही.

तुझ्या या मोठेपणाचाही मला हेवा वाटला, हेही सांगून टाकते. मीच म्हटलं होतं मला खोटी पाड, आणि तू मला खरी करून गेलीस. आता काय करू? सगळी गल्ली म्हणायची ना, ताईला सगळं कळतं? त्या दिवशीचं तुझं गप्प बसणं मला कळलं नाही. माझ्यावर माया म्हणून गप्प बसलीस, की रागाने? की "घे, हेच हवं होतं ना तुला" असं म्हणायचं होतं? आठवडाभर तुझे हात आठवून आठवून बघितले, त्यांत काही सापडलं नाही.

सोमवारी शाळेत गेले. चष्म्याच्या डबीतून पिन काढली. तुझा नवा स्पीकर कपाटात ठेवला आहे, पुढच्या वर्गाला देऊ. मला त्या जुन्याच स्पीकरमधून तुला ऐकायचं होतं, ज्याला मी गप्प केलं. पोरांना म्हणाले, "बाई तुमच्याशी खोटं बोलल्या. भिंतीवरच्या बाईंना बोलता येतं. त्यांचा आवाज मीच बंद करून ठेवला होता." मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. तसं काही झालं नाही. मग एकीने बाकावर उभं राहून सांगितलं, "माझ्या ताईचं बरोबर होतं!" मी म्हणाले, हो, तुझ्या ताईचं बरोबर होतं. आणि मुंगीने विचारलं, "मग त्या दिवशी त्या का नाही बोलल्या?"  म्हणाले, मी त्यांना विचारेन.

पिन लावली. भिंतीतून आवाज आला, "आता मी सांगते, बरं का!"

पोरं आधी दचकली, मग हसली, मग एकमेकांना चिमटे काढायला लागली. शेवटच्या बाकावरचा एकजण ओरडला, "बाई, त्या तर तुमच्यासारख्याच बोलतात!" मी म्हणाले, गप्प बस. मग दुसरा म्हणाला, मग सगळेच म्हणायला लागले. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि डोळे मिटून तुला ऐकलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा नीट ऐकलं. ते "बरं का" माझं आहे. प्रश्नाच्या आधी श्वास घेतेस तोही माझा. अर्धाच्या "धा"वर जोर देतेस तसा मीच देते. पाच वर्षं तू माझ्या शेजारी बसून फक्त मला ऐकलंस, मग आणखी कुणासारखी बोलणार होतीस? त्यांना माझ्यात जो आवाज कोरडा वाटला तोच तुझ्यात गोड लागला, यावर मी हसले आणि मग मला रडूही आलं. पोरांना सांगितलं, खडूची धूळ गेली डोळ्यांत.

आता असं चालतं. तुझा आवाज चालू ठेवते. प्रश्न आला की तुला थांबवते, छत-बोटं-शेजारीण होऊ देते, कागदाची घडी प्रत्येकाकडून घालून घेते, आणि शाब्बास मी म्हणते. तेवढं मी तुला देणार नाही. कारण ते तुला तिथून दिसत नाही आणि मला इथून दिसतं. पोरं अजूनही हातांनी उत्तरं देतात. ती सवय मी मोडलेली नाही.

हेडसरांनाही सांगितलं. ते बराच वेळ प्रोजेक्टरचा टॉवेल नीट करत राहिले. मग म्हणाले, "शिपायाची माफी मागा." मागितली. शिपाईमामा म्हणाले, "मला वाटलं माझंच डोकं चालेनासं झालं." त्यांच्याकडे बघवेना मला. आईला आज सांगणार आहे, हे पत्र पेटीत टाकून आले की.

राहता राहिली तू. त्या दिवशीच्या तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ मी आता लावणार नाही. एकदा लावला होता, दुकानात, आणि तो चुकला होता. राग असेल तर रागाव, फोनवर तासभर भांड, मी मध्ये बोलणार नाही. निळी की लाल, ते तूच सांग.

तुझी,
ऐकत बसलेली ताई